डॅकचा दिवा पिवळा होईपर्यंत

टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला की त्याचा पंखा घुमायला लागतो. दिवसा ते कळत नाही. रात्री घर झोपल्यावर हेडफोन लावून बसलं, की दोन गाण्यांमधल्या शांततेत तो हजेरी लावून जातो. डॅक त्याच कॉम्प्युटरला जोडलेला, त्यामुळे बसायचं तेही तिथेच, ताठ खुर्चीत. एका रात्री वैतागलो आणि ठरवलं, डॅक उचलायचा, खिडकीजवळच्या आरामखुर्चीशेजारी ठेवायचा आणि टॅब्लेटला जोडून टाकायचा. वायर एक, भोकं दोन. दहा मिनिटांचं काम. त्यात तीन आठवडे गेले.

डॅक हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नोंदी, त्याही डाव्या-उजव्या कानाच्या वेगवेगळ्या, आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची. या आकड्यांवरून विजेचा चढउतार तयार करायचा, एवढंच डॅकचं काम. फोनच्या आतही एक असतोच, नाहीतर त्याचा स्पीकर बोललाच नसता. बाहेरचा लावायचा तो मोठ्या हेडफोनला पुरेशी ताकद मिळावी म्हणून, किंवा फोनला हेडफोनचं भोकच उरलेलं नाही म्हणून. माझं कारण पहिलं.

माझा डॅक म्हणजे जाड पुस्तकाएवढा काळा डबा. मागे यूएसबीचं चौकोनी भोक आणि एक बारीक सरकबटण, ज्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुढे हेडफोनचं भोक, आवाजाची गोल कळ आणि कळीच्या डाव्या अंगाला इवलासा दिवा. येणारं गाणं कोणत्या वेगाचं आहे ते हा दिवा रंगाने सांगतो. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदींना, पिवळा, ४८ ला हिरवा, त्याच्या वर निळा, आणि काहीच येत नसेल तर लाल. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, काही डॅकवर दिव्याऐवजी आकडेच दिसतात. माझी जवळजवळ सगळी गाणी सीडीवरून उतरवलेली, म्हणून कॉम्प्युटरवर हा दिवा कायम पिवळा. इतका कायम, की तो रंग बदलू शकतो हेच मी विसरलो होतो.

टॅब्लेट जुना आहे, मायक्रो-यूएसबीचा. डॅकची केबल प्रिंटरला असते तसली, एक टोक चौकोनी आणि दुसरं कॉम्प्युटरमध्ये जाणारं चपटं. त्या चपट्या टोकाला मायक्रोचं टोक करून देणारा एक छोटा अडॅप्टर ड्रॉवरच्या तळाशी सापडला. जोडला. काही नाही. दिवा लागला नाही, टॅब्लेटवर काही उमटलं नाही. केबल काढून घातली, टॅब्लेट बंद करून चालू केला, डॅकला दोन थापट्या मारल्या. शेवटी भाच्याला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामा, तो ओटीजी आहे का नुसताच अडॅप्टर?"

मला दोन्ही एकच वाटत होते.

यूएसबीत एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. वीज यजमान देतो, बोलायला सुरुवात तोच करतो, पाहुण्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कॉम्प्युटर हा नेहमीचा यजमान. कीबोर्ड, प्रिंटर, डॅक हे जन्माचे पाहुणे. घोळ आहे तो फोन-टॅब्लेटचा. कॉम्प्युटरला जोडले की ते पाहुणे होतात आणि मायक्रो-यूएसबीच्या काळात वेगळं काही सांगेपर्यंत ते स्वतःला पाहुणेच समजत. म्हणजे माझ्या आरामखुर्चीशेजारी दोन पाहुणे समोरासमोर बसले होते आणि दोघंही दुसऱ्याने स्वागत करायची वाट बघत होते.

टॅब्लेटला यजमान व्हायला सांगण्याची खूण मात्र अगदी साधी आहे. मायक्रोच्या प्लगमध्ये पाच पिना असतात. एक विजेची, दोन माहितीच्या, एक ग्राउंड, आणि ग्राउंडशेजारची चौथी पिन ओळखीची. ती मोकळी असली की टॅब्लेट पाहुणा, ती ग्राउंडला जोडलेली असली की यजमान. ओटीजी, म्हणजे 'ऑन द गो', म्हणतात ते हेच. २००१ मध्ये यूएसबीच्या नियमांना ही पुरवणी जोडली गेली. माझ्या अडॅप्टरला ती पिन जोडलेली नसावी असा भाच्याचा अंदाज.

अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून मल्टिमीटर काढला आणि 'बीप'वर ठेवला, म्हणजे त्याची दोन टोकं ज्या जागांना लावली त्या आतून जोडलेल्या असतील तर तो वाजतो. त्याचं टोक मायक्रोच्या प्लगमध्ये शिरेना, तेव्हा टाचणी चिमट्यात धरून आत घातली. दुसरं टोक चपट्या भोकातल्या कडेच्या ग्राउंडच्या पट्टीला. चष्मा कपाळावर, टेबललॅम्प नाकाशी. टाचणी पाचव्या पिनेवर टेकली तर बीप, म्हणजे मोजमाप बरोबर चाललं होतं. चौथीवर सरकवली तर चिडीचूप. दोन दिवसांनी ओटीजी म्हणून विकला जाणारा अडॅप्टर आणला आणि त्यालाही आधी टाचणीच लावली. चौथीवर बीप वाजला तेव्हा जो आनंद झाला तो पुढे गाणं वाजल्यावरही झाला नाही.

नवा अडॅप्टर लावल्यावर डॅकचा दिवा लाल लागला. दोन सेकंदांनी विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. टॅब्लेटच्या पडद्यावर काहीतरी उमटायचं आणि वाचून होण्याआधी जायचं.

या वेळी कारण डब्याच्या पोटावरच छापलेलं होतं: ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. यूएसबी २.० च्या नियमांत पाहुण्याने ओळख होईपर्यंत १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचं आणि ओळख झाल्यावर यजमानाची तयारी असेल तर ५०० पर्यंत मागायचं. कॉम्प्युटर ५०० देतो. ओटीजीच्या यजमानाला नियमाने निदान किती द्यावी लागते ते वाचलं आणि हसू आलं: ८ मिलिअँपिअर. बहुतेक टॅब्लेट त्याहून पुष्कळ देतात, पण किती द्यायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. माझा डॅक जागा होताच घास मोठा घ्यायचा, टॅब्लेटची वीज खाली बसायची, डॅक बंद पडायचा, वीज सावरायची, तो पुन्हा जागा व्हायचा. दिव्याची उघडझाप म्हणजे ही खेचाखेच होती.

घरात लायटनिंगचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या जुन्या भोकाचा, आयपॅड आहे आणि त्याचा कॅमेरा अडॅप्टरही. तिथे लावून बघितलं. आयपॅडने उघडझाप वगैरे न करता सरळ सांगितलं की या उपकरणाला फार वीज लागते. नियमाला धरूनच होतं आणि निदान स्पष्ट तरी होतं. गंमत अशी, की हा अडॅप्टर मुळात कॅमेऱ्यातले फोटो उतरवण्यासाठी होता. २०१० मध्ये पहिल्या आयपॅडबरोबर त्याचा कॅमेरा किट आला आणि त्यातून यूएसबीचे डॅक चालतात हे लोकांनी शोधून काढलं. त्याच वर्षी आयपॅडची नवी प्रणाली आयओएस ४.२ आली आणि आयपॅड देत असलेली वीज १०० वरून २० मिलिअँपिअरवर आली. कालपर्यंत वाजणारे डॅक वाजेनासे झाले. तेव्हा लोकांनी काढलेला तोडगा अजूनही चालतो, आणि मीही तोच केला: मध्ये भिंतीतून वीज घेणारा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणारा डबा, बसवायचा. वीज हबने द्यायची, टॅब्लेटने फक्त गाणं पाठवायचं. पुढे आलेल्या लायटनिंगच्या यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टरला तर चार्जरसाठी वेगळं भोकच दिलंय. तो असता तर आयपॅडला हबही लागला नसता.

मग टॅब्लेट, ओटीजी, हब, डॅक, हेडफोन अशी आगगाडी मांडली. दिवा लाल लागला आणि लागलेलाच राहिला. गाणं लावलं, वाजलं. आवाज नेहमीसारखाच, घट्ट आणि मोकळा. पंखा नाही. पाय पसरले, डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा सहज डबा बघितला तर दिवा हिरवा.

हिरवा म्हणजे ४८. माझी फाइल ४४.१ ची. दुसरं गाणं लावलं, हिरवा. एक ९६ ची फाइल होती ती लावली, तरी हिरवाच. मी काहीही पाठवलं तरी डॅकला ४८ च मिळत होतं, म्हणजे मधे कोणीतरी हात मारत होतं.

तो कोणीतरी म्हणजे ॲन्ड्रॉइड स्वतः. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. गाणं चालू असताना मेसेज आला की टिंग वाजलं पाहिजे, गजराची वेळ झाली की गजर वाजला पाहिजे, आणि सगळं एकाच तारेतून गेलं पाहिजे. हे आवाज वेगवेगळ्या वेगांचे असले तर एकत्र मिसळता येत नाहीत. म्हणून ॲन्ड्रॉइड सगळ्यांना आधी एका मापात आणतं, बहुतेक वेळा ४८ च्या, मग मिसळतं आणि पुढे ढकलतं. ४४,१०० चे ४८,००० करायचे म्हणजे दर १४७ नोंदींच्या जागी १६० नव्या नोंदी हिशोबाने तयार करायच्या. मूळच्या नोंदींपैकी जवळपास कुठलीच जशीच्या तशी पोचत नाही. नवं गणित चांगलं केलं असेल तर कानाला कळणं अवघड, पण कॉम्प्युटरवरून जे जात होतं ते हे नव्हे.

कानाला कळतं का, हे खरंच तपासायचं ठरवलं. रविवारी भाचा आला होता. एकच गाणं, एकदा कॉम्प्युटरवरून पिवळ्या दिव्याने आणि एकदा टॅब्लेटवरून हिरव्या दिव्याने. डॅक पाठीमागे, केबल बदलायचं काम त्याचं, ओळखायचं काम माझं. दहा वेळा केलं. सहा बरोबर आले. नाणं उडवूनही तेवढे येतात. भाचा म्हणाला, "झालं ना मामा, सोड आता." त्याचं बरोबर होतं. हिरव्या दिव्याने गाणी ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण दिवा नाकासमोर असतो. रोज रात्री तो हिरवा दिसायचा आणि मी गाणं ऐकायचं सोडून त्याच्याकडे बघत बसायचो. हा माझा रोग आहे, डॅकचा नाही.

आयपॅडवर हबमधून लावलं तेव्हा तिथल्या संगीताच्या ॲपमध्ये दिवा गाण्यागणिक बदलत होता, ४४.१ ला पिवळा आणि ९६ ला निळा. पण आयपॅड रात्री माझ्या वाट्याला येत नाही. तो विषय तिथेच संपला.

ॲन्ड्रॉइडवर तोडगा आहे तो स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन येणाऱ्या ॲपचा. ॲन्ड्रॉइड ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून, ॲपला यूएसबीच्या उपकरणाशी थेट बोलता येतं. ५.० मध्ये, २०१४ साली, यूएसबीचे डॅक ओळखायची सोय ॲन्ड्रॉइडच्या अंगातच आली, पण ती त्या मिसळण्याच्या वाटेनेच जाते. ही ॲप ती वाट सोडतात. डॅक जोडल्यावर पडद्यावर परवानगी विचारली जाते, आपण हो म्हटलं की ॲप डॅक ताब्यात घेतं आणि फाइलमधले आकडे जसेच्या तसे त्यात ओततं. तेवढ्या वेळात बाकी कोणाला डॅक मिळत नाही. मेसेजचं टिंग टॅब्लेटच्या स्पीकरमधून येतं, जे मला आवडलंच. ॲन्ड्रॉइड १४ मध्ये, २०२३ साली, न मिसळता थेट पाठवायची सोय अधिकृतपणे आली. फोनने आणि ॲपने दोघांनी ती वापरायला हवी. माझा टॅब्लेट तिथवर कधीच पोचणार नाही, म्हणून मी ॲप घेतलं.

इथे मी जो गाढवपणा केला तो सविस्तर सांगतो, कारण तो कोणाच्याही हातून होईल.

ॲन्ड्रॉइडच्या वाटेने ऐकत होतो तेव्हा टॅब्लेटचा आवाज निम्म्यावर असायचा आणि डॅकची कळ त्या हिशोबाने बरीच पुढे, घड्याळात दोन वाजतात तिथे. नवं ॲप घातलं, त्यात 'बिट-परफेक्ट' असा पर्याय दिसला, तो चालू केला. हेडफोन डोक्यावर होते. डोळे दिव्यावर. गाणं दाबलं. दिवा पिवळा झालेला मला दिसला आणि त्याच क्षणी कानात भिंत कोसळली. हेडफोन ओढून काढले ते मांडीवर पडले, आणि मांडीवरून पूर्ण गाणं शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. टॅब्लेटचं आवाज कमी करायचं बटण दाबत सुटलो. पडद्यावरची पट्टी शून्यावर गेली, आवाज तसूभर हलला नाही. शेवटी केबल उपटली. बायको दारात येऊन उभी होती. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. रात्रभर उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. सकाळी थांबली.

झालं ते सरळ आहे. आवाज कमी करायचा म्हणजे टॅब्लेट आकडेच लहान करतो. आकडे जसेच्या तसे पाठवायचे म्हटल्यावर ते लहान करायचा हक्क कोणालाच उरत नाही. गाणं पूर्ण जोराने निघतं आणि त्याला आवर घालायला फक्त डॅकची कळ असते, जी मी दोन वाजता सोडून दिली होती. ज्या छोट्या डोंगलना, म्हणजे वायरीएवढ्या इवल्या डॅकना, कळच नसते त्यांच्या आत डॅकचीच आवाजाची सोय असते आणि ॲपमध्ये 'हार्डवेअर व्हॉल्यूम' निवडून ती वापरावी लागते. त्या रात्रीपासून माझा क्रम ठरला: कळ पूर्ण मागे, गाणं सुरू, मग हेडफोन डोक्यावर, मग हळूहळू कळ पुढे. घाईत असलो तरी यात बदल नाही.

त्याच ॲपमध्ये डॅकची माहिती दाखवणारं एक पान आहे. डॅक काय काय स्वीकारतो ते तिथे दिसतं. माझ्या डॅकच्या खोक्यावर १९२ लिहिलेलं आणि पानावर यादी ९६ ला थांबलेली. ते सरकबटण तेव्हा आठवलं. डबा उलटा करून बॅटरीच्या उजेडात वाचलं: एका बाजूला १.०, दुसऱ्या बाजूला २.०. बटण १.० वर होतं, बहुधा पहिल्या दिवसापासून.

हे यूएसबी ऑडिओच्या नियमांचे दोन अवतार. पहिला १९९८ चा, दुसरा २००६ चा. पहिल्यात डॅक सहसा यूएसबीच्या जुन्या १२ मेगाबिटच्या वेगाने बोलतो आणि त्या वेगात दर मिलिसेकंदाला एक पाकीट जातं, जास्तीत जास्त १,०२३ बाइटचं. आता हिशोब करून बघा. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे मिलिसेकंदाला ९६ नोंदी. २४ बिटांची नोंद ३ बाइटची, कान दोन, म्हणजे ५७६ बाइट. आरामात बसतं. १९२ ला दुप्पट, १,१५२. पाकिटात मावत नाही. मर्यादा कोणीतरी मुद्दाम घातली असेल असं वाटत होतं, ती पाकिटाच्या मापाची निघाली. दुसऱ्या अवतारात ४८० मेगाबिटचा वेग वापरता येतो, तिथे हा प्रश्न येत नाही. बटण २.० वर सरकवलं, केबल काढून घातली, यादी १९२ पर्यंत गेली. माझ्याकडे १९२ ची एकही फाइल नाही.

फोनची गोष्ट यापुढे लवकर आटपली. फोन टाइप-सीचा. टाइप-सीत चौथ्या पिनेची भानगड गेली, तिच्या जागी ५.१ किलोओमचा एक रेझिस्टर आला. पाहुण्याच्या बाजूने तो दिसला की फोन स्वतःहून यजमान होतो. सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला प्रिंटरचं चौकोनी टोक असलेली एकच केबल. तो रेझिस्टर तिच्या सी-टोकातच असतो. ओटीजी अडॅप्टर नको, टाचणी नको. वीजही पुरली. डॅक ५०० मागतो, पण हेडफोन लावून साधारण ४०० च्या आसपास खातो, हे मधे यूएसबी मीटर लावून बघितलं. ५ व्होल्टने ते झाले २ वॅट. ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास असतात. म्हणजे एकटा डॅकच सात-आठ तासांत फोन रिकामा करेल, पडदा आणि बाकीचं वेगळं. एका बैठकीला पुष्कळ झालं.

अडलं फक्त दोन ठिकाणी. फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी नावाची वेगळी कळ आहे आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसेल तर ती आपली आपण बंद होते. काल चाललेला डॅक आज का चालत नाही या प्रश्नात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. काही फोनांत ही कळ असते, काहींत नसते. नसेल तर सुखी. दुसरं, प्रवासासाठी म्हणून टाइप-सीतून हेडफोनचं भोक काढून देणारी एक छोटी शेपटी घेतली होती, ती माझ्या फोनवर मेलेली आणि भाच्याच्या फोनवर जिवंत. तिच्यात डॅकच नव्हता. काही फोन आपल्या आतल्या डॅकचा आवाज टाइप-सीच्या भोकातून सरळ बाहेर काढतात, ही शेपटी तेवढ्यांपुरतीच. माझा फोन तसं करत नाही. त्यामुळे घेताना 'आत डॅक चिप आहे' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यायची. शेपटी भाच्याला देऊन टाकली.

राहिली कटकट. म्हणजे अक्षरशः कट-कट. फोनवर पडदा बंद झाला की एक-दोन मिनिटांनी गाण्यात बारीक तडे ऐकू यायचे. यूएसबीवर फाइल कॉपी करताना एखादं पाकीट खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जातं. आवाजाच्या पाकिटांना तेवढी सवड नसते. वेळेवर आलं ते आलं, चुकलं ते गेलं, आणि गेलेल्या जागी टक. बरेचसे डॅक आपल्याच घड्याळाने चालतात आणि यजमानाला सांगत राहतात की थोडं जास्त दे, थोडं कमी दे. पण यजमानच पेंगत असेल तर सांगून काय उपयोग. फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवत होता. त्या ॲपपुरती बॅटरीची बचत बंद केली, ॲपमधला बफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, एक पायरी वाढवला, तडे गेले. गाणं दाबल्यावर किंचित उशिरा सुरू होतं, त्याचं काही नाही.

टॅब्लेटवरचे तडे मात्र वेगळे निघाले. ते टॅब्लेट हलवला की यायचे. बफर वाढवला, काही फरक नाही. दुसरा ओटीजी लावला, नाही. मग भोकात उजेड टाकला तर तळाशी खिशातल्या कापसाची राखाडी गादी बसलेली. टॅब्लेट बंद करून लाकडी काडीने ती अलगद उचकटून काढली, मुगाएवढी गोळी निघाली. प्लग आत जाताना 'टक' असा आवाज आला, जो किती वर्षांत आला नव्हता कोण जाणे.

शेवटचा त्रास गुरगुरण्याचा. हेडफोनवर नाही, पण डॅकमधून मोठ्या ॲम्प्लिफायरला तार नेली की खालच्या सुरात एक गुरगुर यायची. हबचा अडॅप्टर भिंतीत, ॲम्प्लिफायर भिंतीत, दोघांचं ग्राउंड डॅकमधून जोडलं गेलेलं आणि त्या वेढ्यातून नको ती वीज फिरत होती. हबला भिंतीऐवजी पॉवर बँकेवर ठेवलं, गुरगुर तत्काळ बंद. एक खोच आहे: फार कमी वीज ओढली जात असेल तर बऱ्याच पॉवर बँका काम संपलं असं समजून बंद होतात. छोट्या डोंगलला हा त्रास होतो, माझा डॅक खादाड असल्यामुळे वाचला.

एक गोष्ट सुटली नाही ती नाहीच. मायक्रो-यूएसबीच्या टॅब्लेटला यजमानही राहायचं आणि स्वतः चार्जही व्हायचं हे दोन्ही एकदम जमत नाही. नियमात त्यासाठी वेगळ्या जातीचा अडॅप्टर आहे, पण तो मानणारी यंत्रं थोडी. माझा टॅब्लेट मानत नाही. त्यामुळे हबवर डॅक पोटभर जेवतो आणि टॅब्लेट उपाशी. परवा रात्री लांबलचक रेकॉर्डिंग लावलं होतं. टॅब्लेट चार टक्क्यांवर आहे हे दिसत होतं, उठायचा कंटाळा केला. ऐन भरात आवाज गेला. डॅकला वीज हबची, त्यामुळे तो जागाच होता. दिवा तेवढा पिवळ्याचा लाल झाला. कळ मागे घेतली, टॅब्लेट चार्जरला लावला, फोनची केबल शोधली आणि रेकॉर्डिंग जिथे तुटलं होतं त्याच्या जरा आधीपासून पुन्हा लावलं.